भासावर भासाचा उतारा

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ला, म्हणजे व्हीआरला, मराठीत ‘आभासी वास्तव’ म्हणायचं ठरून गेलं आहे. एरवी शब्द बरा आहे. मनाच्या आजारांबद्दल बोलताना मात्र तो पायात येतो. ‘त्याला भास होतात’ हे वाक्य आपल्याकडे आवाज उतरवून, दाराकडे एकदा बघून बोललं जातं. भास हे दुखण्याचं लक्षण. मग ज्याला आधीच नाही ते ऐकू येतंय त्याच्या डोळ्यांवर डबा बांधायचा, त्याला आणखी भास दाखवायचे आणि वर त्याला उपचार म्हणायचं? व्हीआर उपचारांवरच्या या पुस्तिकेचा खर्डा हातात आला तेव्हा माझी पहिली शंका हीच होती. ती पुरती फिटली असं म्हणणार नाही. पण मी डॉक्टर नाही, वाचक आहे, आणि वाचता वाचता ती शंका कुठून कुठे सरकली ते सांगावं म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर गाव आहे ते भोर तालुक्यातलं शिवरे. पुण्याहून कात्रज ओलांडून साताऱ्याकडे निघालं, खेड शिवापूर मागे पडलं की नसरापूर फाट्याच्या अलीकडे हे गाव लागतं. महाबळेश्वरला निघालेल्या गाडीवाल्यांच्या लेखी ती एक पाटी. गावाच्या लेखी मात्र महामार्ग म्हणजे रोज ओलांडायची नदी आहे, आणि तिला बारा महिने पूर असतो. आसपास भाताची खाचरं, पश्चिमेला राजगडाकडे चढत गेलेले डोंगर, आणि रस्त्याच्या कडेनं जमिनींचे तुकडे पडून उभ्या राहिलेल्या पाट्या. इथे ‘मला नैराश्य आलं आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘कशातच जीव लागत नाही’ म्हणतात. ‘अन्न गोड लागंना’, ‘डोकं गच्च झालंय’, ‘रात्रभर आढं बघत पडते’ म्हणतात. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘बाहेरचं काही नाही ना?’ देवऋष्याकडे जाणाऱ्याला मी हसत नाही. तिथे निदान कुणीतरी समोर बसून घटकाभर ऐकून तरी घेतं.

दुसऱ्या टोकाला येरवडा. पुणे जिल्ह्यात गावाचं हे नाव शिवीसारखं वापरलं जातं. ‘ह्याला येरवड्याला नेऊन टाका’ हे चेष्टेनं शंभरदा म्हटलं जातं, आणि मग खरोखर गरज पडते तेव्हा कुणाचा पाय उचलत नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी येरवड्याचं सर्वांत मोठं. त्याची मंजूर क्षमता २,५४० खाटांची. पण ज्या बाईला नुसती झोप येत नाही आणि स्वयंपाकघरात उभं राहावंसं वाटत नाही, तिला खाट नको असते. देवऋषी आणि येरवडा यांच्यामधला जो लांबलचक रस्ता आहे त्यावर तिला कुठेतरी थांबा हवा असतो. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५–१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी त्यातला एक आकडा आपल्यालाही पुरेसा बोलका आहे. नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

या मोकळ्या रस्त्यावर आता व्हीआरचं यंत्र, म्हणजे हेडसेट, येऊ घातलं आहे. पुस्तिकेत त्याची रचना नीट समजावली आहे, म्हणून इथे थोडक्यात. डोळ्यांसमोर दोन भिंगं, त्यांच्यामागे पडदा, दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र, त्यामुळे खोली दिसते. इथवर जत्रेतल्या जुन्या डब्यापेक्षा फार वेगळं काही नाही. खरी करामत पुढची. मान वळवली की यंत्राला ते कळतं आणि चित्रही तेवढंच वळतं. मागे बघावं तर मागेही जग असतं. हे वळणं जरा जरी उशिरा झालं तर पोटात ढवळतं. वरंध घाटात गाडी लागते त्याचीच ही उलटी बाजू. घाटात कानाला वळणं कळतात आणि डोळा समोरच्या सीटवर खिळलेला असतो; इथे डोळा फिरतो आणि कान म्हणतो, अरे, आपण तर बसलोय. बहुतेकांची ही मळमळ थोड्या वेळात जाते, काहींची जात नाही. मी स्वतः एकदा तो हेडसेट घालून उंच इमारतीच्या टोकावरच्या फळीवर उभा राहिलो होतो, म्हणजे एका मित्राच्या दिवाणखान्यात. पायाखाली फरशी आहे हे डोक्याला पक्कं ठाऊक होतं. गुडघ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सगळा उपचार या गुडघ्यांवर उभा आहे. भीती जगते ती टाळण्यावर. विहिरीजवळ गेलं की छाती धडधडते, म्हणून माणूस विहीर टाळतो. टाळली की हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच उद्याची भीती आणखी घट्ट करतं. यावरचा जुना, खात्रीचा इलाज म्हणजे भीतीच्या दिशेनं पायरी पायरीनं जाणं आणि धडधड ओसरेपर्यंत तिथे थांबणं. पण खऱ्या उंचीवर, खऱ्या विमानात, खऱ्या गर्दीत रुग्णाला घेऊन जायचं तर वेळ हवा, पैसा हवा, आणि मधेच ‘थांबवा’ म्हटलं तर विमान थांबत नाही. यंत्रातलं थांबतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि संगणकतज्ज्ञ लॅरी हॉजेस यांनी १९९५मध्ये उंचीच्या भीतीवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यावरचे पूल, उघड्या बाल्कन्या, ४९ मजले चढणारी काचेची लिफ्ट, असं सगळं संगणकावर रेखलेलं. त्या काळची चित्रं आज पाहिली तर मुलं हसतील, इतकी ठोकळ्यांची. तरी भीती वाटली, आणि ओसरलीही. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. उपचार पूर्ण केलेल्या दहा जणांपैकी सात जण, कुणी सांगितलेलं नसताना, आपण होऊन खऱ्याखुऱ्या उंच जागी जाऊन आले.

पुढची पंचवीस-तीस वर्षं या एका कल्पनेला फांद्या फुटत गेल्या. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी आधी व्हिएतनाम रचलं गेलं, मग इराक. सिएटलमध्ये हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाची दरी तयार केली. जखम धुताना रुग्ण पेंग्विनांवर बर्फाचे गोळे मारत राहतो आणि वेदनेकडे द्यायला मनाकडे लक्षच उरत नाही. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांचं काम मात्र सविस्तर सांगण्यासारखं. २०१८मध्ये त्यांनी उंचीची भीती असलेल्या १०० जणांवर चाचणी केली. त्यात थेरपिस्टही संगणकातलाच होता. दहा मजली इमारतीच्या मधल्या चौकात, वरच्या मजल्यांवर जाऊन कामं करायची: झाडावर अडकलेलं मांजर सोडवायचं, कठड्याशी उभं राहून वाद्य वाजवायचं, आणि अगदी शेवटी देवमाशावर बसून हवेत फेरी मारायची. जेमतेम दोन आठवड्यांत उपचार घेणाऱ्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. देवमासा कशाला, असं मला वाटलं होतं. पण भीतीच्या जागी थोडी गंमत बसवता आली तर शरीर त्या जागेची नवी आठवण धरतं, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे.

सुरुवातीच्या माझ्या शंकेला उत्तर मिळालं ते याच फ्रीमन यांच्या पुढच्या कामात. ज्यांना खरोखर भास आणि संशय यांनी घेरलेलं आहे आणि म्हणून घराबाहेर पडणं ज्यांना अशक्य झालं आहे, अशा ३४६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२मध्ये आले. त्यांना दाखवलेली दृश्यं काय होती? घराबाहेरची गल्ली, दुकान, बस, कॅफे, मद्यालय, दवाखान्याची प्रतीक्षाखोली. बस्स. ज्याला बसमधला प्रत्येक माणूस आपल्यावर टपलेला वाटतो त्यानं यंत्रातल्या बसमध्ये उभं राहायचं आणि कुणीच काही करत नाही हे पुन्हा पुन्हा अनुभवायचं. सर्वांत जास्त गुण आला तो ज्यांचं बाहेर पडणं सर्वांत जास्त बंद झालं होतं त्यांना. लंडनमध्ये ज्युलियन लेफ या मनोविकारतज्ज्ञांनी तर याहून धाडसाची वाट काढली होती. रुग्णाला जो छळणारा आवाज ऐकू येतो त्याला संगणकाच्या पडद्यावर चेहरा द्यायचा. थेरपिस्टनं त्या चेहऱ्याच्या तोंडून बोलायचं, आणि रुग्णानं हळूहळू त्याला उलट उत्तर द्यायला शिकायचं. १५० रुग्णांवरच्या २०१८च्या चाचणीत बारा आठवड्यांनी ही पद्धत नुसत्या समुपदेशनापेक्षा सरस ठरली. चोवीस आठवड्यांनी मात्र दोन्ही गटांतला फरक उरला नव्हता. पुस्तिकेनं हे दुसरं वाक्यही छापलं आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

भास होणाऱ्याला भास दाखवण्यातला फरक मग ध्यानात येतो. आजारातला भास सांगून येत नाही आणि घालवून जात नाही. हा भास रुग्ण स्वतः डोळ्यांवर चढवतो आणि नको झाला की स्वतःच्या हातानं काढून ठेवतो.

भीतीचं हे झालं. नैराश्याचं काय? इथे हात आखडता घ्यायला हवा. व्हीआरच्या जाहिराती पाहिल्या तर डोंगर, धबधबा, सूर्योदय दाखवला की मन प्रसन्न होतं असा सूर दिसतो. ते खोटं नाही, पण दुपारी चहा घेतल्यावर तरतरी येते तितकंच ते खरं आहे. नैराश्यात गेलेल्या माणसाला सूर्योदय दिसत नसतो असं नाही. खिडकीतून रोज दिसतो, आणि त्याचं काहीच वाटत नाही हीच तर त्याची तक्रार असते. भीतीच्या आजारांत जेवढा पुरावा हाताशी आहे तेवढा नैराश्यात अजून नाही. जो आहे त्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या कॅरोलिन फाल्कनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६चा छोटा प्रयोग मला चटका लावून गेला. नैराश्य असलेले फक्त १५ जण. हेडसेट घातल्यावर समोर एक रडणारं मूल दिसायचं. त्याची समजूत काढायची, सावकाश, मायेनं. मग जागा बदलायच्या. आता तुम्ही त्या मुलाच्या देहात, आणि समोरून एक मोठं माणूस तुमच्याच आवाजात, तुमचेच मघाचे शब्द तुम्हाला ऐकवत आहे. आठवड्याला एक अशा तीन बैठका. महिनाभरानं नऊ जणांची लक्षणं कमी झाली होती. त्यातल्या चौघांचा फरक डॉक्टरांनी दखल घ्यावी इतका होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावर इमला बांधू नये. पण नैराश्यातली माणसं स्वतःला कसं बोलतात ते ज्यानं जवळून ऐकलंय त्याला या प्रयोगाचं मर्म सांगावं लागणार नाही. शेजारणीच्या पोराला जवळ घेणारी बाई स्वतःला दिवसभर ‘मेलीला काही जमत नाही’ म्हणत असते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ची इथे आठवण होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक २०१७मध्ये त्याला मिळालं. त्याचे एक निर्माते आणि त्यात काम करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. जगण्यावरून मन उडालेला एक तरुण आणि त्याला घरात घेणारी, स्वतः त्याच वाटेनं गेलेली बाई, एवढीच गोष्ट. कुणी त्याला उपदेश करत नाही. त्याला नुसतं असू देतात, आणि हळूहळू काहीतरी करू देतात. सिनेमा आपण बाहेरून बघतो, हेडसेटमध्ये आपण आत असतो, हा फरक मोठाच. तरी उपचार म्हणून दोघांचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे असं मला वाटतं: शेजारी कुणीतरी घाई न करता बसलेलं असणं.

आता मला ज्यासाठी ही प्रस्तावना लिहायची होती तिथे येतो. नैराश्यावरचा एक साधा, भरवशाचा उपचार असा आहे की बरं वाटेपर्यंत थांबायचं नाही; आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं. दिवसातली छोटी कामं ठरवायची, करायची, काय वाटलं ते नोंदायचं. व्हीआरमध्ये आता हेच बसवायचे प्रयत्न चालू आहेत. पण आपल्या शेजारी, गोव्यात, ‘संगाथ’ संस्थेनं हे यंत्राशिवाय करून दाखवलं आहे. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवरचा हा अभ्यास २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली तिथलीच साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे आलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच देखभालीतल्यांपैकी ३९ टक्के.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची सावली असलेला तो मुलूख. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायला सुरुवात केली तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार मागणारे ४.३ टक्के होते. दीड वर्षानं ते २७.२ टक्के झाले. आणि पडद्याचंच म्हणायचं तर पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्प चालवला. तिथले गावकरी कार्यकर्ते हातातल्या स्मार्टफोनवर छोट्या मराठी फिल्म दाखवत: बेरोजगारी, घरातली भांडणं, दारू, मारहाण. फिल्म संपली की गप्पा सुरू होत. मला तर महाराष्ट्रातल्या ‘व्हीआर थेरपी’चा खरा पूर्वज हाच वाटतो. पडदा तळहाताएवढा, पण तो दाखवणारा माणूस ओळखीचा.

म्हणून शिवऱ्यासारख्या गावात हेडसेट पोचला की नाही, यापेक्षा तो कुणाच्या हातून पोचला याची मला जास्त काळजी आहे. गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, आशाताईच्या पिशवीतून, तिला शिकवून, तिच्या कामाचे पैसे देऊन आला तर त्याचं काहीतरी होईल. ऑक्सफर्डच्या त्या ३४६ जणांच्या चाचणीतसुद्धा थेरपिस्ट यंत्रातला होता, पण खोलीत एक खरं माणूस बसलेलं होतंच. नुसता खोका आला तर आपल्याकडच्या अनेक सरकारी यंत्रांसारखा तो कपाटात जाईल, आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नसेल.

काही इशारे पुस्तिकेत सविस्तर आहेत, तरी इथेही देतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारे पुष्कळ असतात. फेफरं येणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट घालू नये. व्हीआर सुरू केलं म्हणून चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. बाजारात मिळणारं ‘मन शांत करणारं’ ॲप आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालचा उपचार एक नव्हेत. जीव नकोसा झाला असेल तर यंत्राची वाट बघू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२पासून देशभर चालू आहे, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहता राहिला दृश्यांचा प्रश्न. पुस्तिकेतलं शेवटचं प्रकरण त्यावर आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं. आज मिळणारी बहुतेक दृश्यं परदेशातली आहेत: पाइनची जंगलं, भुयारी रेल्वे, कॅफे. शिवऱ्यातल्या बाईला कॅफेची भीती वाटत नाही. तिला बँकेच्या खिडकीशी उभं राहून ‘मला लिहिता येत नाही’ म्हणायची भीती वाटते. हळदीकुंकवाला, चार बायका आपल्याबद्दल काय बोलतील या धास्तीनं ती जात नाही. भाताच्या आवणाच्या दिवसांत शेतावर जावंसं वाटत नाही आणि सासू काय म्हणेल तेही सोसत नाही. ही दृश्यं कुणीतरी इथेच, इथल्या आवाजांसकट टिपावी लागतील. ते काम मोठ्या कंपन्या करणार नाहीत. एखाद्या महाविद्यालयातली चार मुलं, चहूकडचं टिपणारा एक गोल कॅमेरा आणि एक जाणता समुपदेशक एवढ्यांवर सुरुवात होऊ शकते.

हे बोलणं मी शिवऱ्यातल्या एका काकूंजवळ काढलं होतं. डोळ्यांदेखत महामार्गावर अपघात पाहिल्यापासून त्या एकट्यानं रस्ता ओलांडत नाहीत. पलीकडचं शेत आता दीर बघतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आधी घरात बसून यंत्रात रस्ता बघायचा, सुरुवातीला मोकळा, पहाटेचा, गाड्या नसलेला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘दादा, मोकळ्या रस्त्याला भितंय कोण? गाड्या असूद्यात की.’

किती असाव्यात, असं मी विचारलं. त्यांनी जरा विचार केला.

‘पयल्या दिवशी एकच टेम्पो,’ त्या म्हणाल्या. ‘आन् हॉर्न नको.’